मालूनं नाव घेतलं

...चप्पल तिकडे! तिकडे हो, पायरीखाली! आणि आधी हात धुवा, साबण ठेवलाय बघा बादलीजवळ. नाय हो, सोवळंबिवळं काय नाय, डॉक्टरनं सांगितलंय, बाहेरचं माणूस आत सोडायचं नाय म्हणून. काशीबाई, ती फुलं आत नको गो नेऊ! फुलं चालत नायत, माती चालत नाय, कच्ची काकडी चालत नाय, आणि शेजारी तर अजिबात चालत नायत... बसा, ओटीवर बसा, सतरंजी टाकलीय. मालूला बघायला आलात ना? ती आतल्या खोलीत निजलीय. तिला दारातनं लांबूनच हात करा, आणि मग माझ्याकडे बघत बसा, दुसरा इलाज नाय!

आता तुम्ही विचारणार, कसं झालं, काय झालं. सांगतो. पण आधी मला एक सांगा, नवऱ्याचं नाव घ्यायला काय जातं हो?

हसू नका! माझं नाव काय वंगाळ हाय का? हैबतराव! आज्यानं ठेवलेलं. हैबत म्हणजे दहशत, नावात केवढा दरारा, आणि अंगानं मी हा असा, शेवग्याची शेंग. पण म्हणून काय झालं? इथं आमच्या निडीपासून पार खांब गावापर्यंत सगळे मला नावानं हाक मारतात, कुणी हैबतनाना, कुणी हैबूशेट, तो शेजारचा प्रविण तर सरळ हैबत्या म्हणतो, माझ्यापेक्षा धाकटा असून. सगळ्या जगाला येतं ते नाव, एक आमच्या हिला येत नाय. तीस-पस्तीस वर्षं झाली लग्नाला, 'अहो', 'ऐकलंत का', 'समीक्षाचे बाबा'... आणि फारच डोकं फिरलं असेल तर भिंतीकडे बघून 'या घरात कुणाला ऐकू येतं का?' म्हणजे मी भिंत!

एकदा काय झालं, तुम्हाला सांगतो, गणपतीच्या आधी हिच्या माहेरी, हमरापूरला निघालो होतो. तिच्या भावाकडे गणपती रंगवायची घाई, ही दरवर्षी हात लावायला जायची. वाटेत पेणच्या बाजारात आमची चुकामूक झाली. ही रस्त्यात उभी राहून ओरडते, 'अहो! अहो!' अर्धा बाजार वळून बघायला लागला, कारण अर्ध्या बाजाराचं घरातलं नाव तेच! शेवटी मंडळाच्या मांडवात गेली, तिथं लाऊडस्पीकर होता. पोरगा विचारतो, मावशी, नाव काय काकांचं? ही पदराचं टोक दातात धरून उभी. अहो मावशी, नाव सांगितल्याशिवाय पुकारू कसं? तर म्हणते काय, 'भीतीला दुसरा शब्द काय असतो बघ बाबा, आणि त्याच्यापुढं राव लाव.' त्या पोराचं मराठी बेताचं! त्यानं माईक घेतला आणि, 'निडीचे भीतीराव... निडीचे भीतीराव, जिथं असाल तिथून मांडवात या...' मी समोर कापडाच्या दुकानात, दुकानदाराला म्हणतो, काय एकेकाची नावं असतात हो!

नाव घ्यायला काय जातं हो?

तुम्ही म्हणाल, लग्नात घेतलंच असेल की. घेतलं ना! का नाय घेणार? माप ओलांडायच्या आधी आमच्या गोदूबाई आत्यानं दार अडवलं, नाव घेतल्याशिवाय सोडणार नाय म्हणाली. मी हिच्या शेजारी, उपरण्याची गाठ बांधलेली, कान टवकारून उभा. हिनं खाली मान घातली, बारीक आवाजात सुरू केलं, 'हमरापूरच्या गणपतीचं पितांबर पिवळं...' आणि माझं नाव येणार, येणार, एवढ्यात माझ्या धाकट्या भावानं, जनूनं, रोह्याहून ठरवलेला बँजोवाला... ढँण्ण! तो तोपर्यंत झोपलेला होता हो, वरात संपली म्हणून! त्यालाही नेमकी तेव्हाच जाग यायची होती! सगळी आळी म्हणते, काय सुंदर नाव घेतलं, काय गोड आवाज. सगळ्यांनी ऐकलं, एका नवऱ्याला सोडून. मग हळदीकुंकवाला घ्यायची, पण तिथं पुरुषांना मज्जाव. मी मागच्या पडवीत खोटं खोटं कोयता घासत उभा राहायचो. ऐकू काय यायचं? नुसतं बायकांचं हसणं!

आणि आमची समीक्षा बघा! पोरीचं लग्न होऊन चार वर्षं नाय झाली, दोघं रोह्याला कंपनीत शिफ्टला जातात, आणि घरात नुसतं 'नितेश, चहा ठेव', 'नितेश, गॅस बंद कर', 'नित्या, ऐकतोस का रे!' तो जावई साधं वर सुद्धा बघत नाय. मी मनात म्हणतो, अरे करंट्या, तुला दिवसातून वीस वेळा मिळतं, त्याची तुला किंमत नाय!

बरं, ते राहू दे. तर अशी ही बाई. तिच्या मानेला गाठ आली. म्हटलं थंडीची असेल. मग काखेत आली. तपासलं, तर रक्तातल्या पेशींचा कॅन्सर. आता तुम्हाला काय लपवायचं, मी त्या दिवशी शेतातल्या बांधावर बसून पोटभर रडलो. औषधं दिली, केस गेले, गाठी गेल्या. केस परत आले, तशा गाठीही परत आल्या. पुन्हा औषधं, पुन्हा तेच. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून एक मार्ग आहे. आता बाहेरचं औषध नाही, यांच्याच रक्तातल्या राखणदार पेशींना कामाला लावू.

मी म्हटलं, बाई, राखणदार असते तर ही वेळ कशाला आली असती? तर त्यांनी छान समजावलं. म्हणाल्या, राखणदार आहेत, पण त्यांना चोर ओळखू येत नाही. चोर घरातलाच आहे ना, रोजच्या बघण्यातला. मग आपण काय करायचं, ते राखणदार रक्तातून काढायचे, प्रयोगशाळेत न्यायचे, तिथं त्यांच्यात नवा गुण घालायचा, चोराच्या अंगावरची खूण ओळखायचा, मग त्यांची पैदास वाढवायची आणि परत यांच्याच अंगात सोडायचे. मला पटलं! आपल्या वालाच्या शेतात नाय का, माचावर राखणीला बसवलेला विठू घोरत असतो आणि डुकरं त्याच्या खालनं जातात? त्या विठूला उतरवायचं, शाळेत घालायचं, एका विठूचे हजार विठू करायचे आणि परत माचावर बसवायचे!

मग एक दिवस हिला मशीनला जोडली. एका नळीनं रक्त बाहेर, मशीनमध्ये गरगर फिरून हव्या त्या पेशी ठेवून घ्यायच्या, बाकीचं दुसऱ्या नळीनं परत. ही बघत बसलेली. मला हळूच म्हणते, 'अहो, नको ते परत देतायत, चांगली माणसं हायत.' आणि त्या पेशी गेल्या तिकडे शिकायला. काही आठवडे लागतील म्हणाले. आता ही घरी बसून काय विचारेल? 'अहो, त्या थंडीत तर नसतील ठेवल्या?' अगो, थंडीतच ठेवतात त्या! 'खाणंपिणं नीट मिळत असेल ना? आणि बदलून दुसऱ्याच्या नाय ना देणार?' पोरगी वसतिगृहात ठेवल्यासारखी वाट बघायची हो! समीक्षा शिकायला पनवेलला होती तेव्हा सुद्धा एवढी काळजी केली नव्हती.

आल्या एकदाच्या. मला वाटलं केवढा मोठा सोहळा असेल. तर इवलीशी पिशवी! लावली, आणि बघता बघता संपली सुद्धा. आणि खोलीत वास सुटला, कसला म्हणाल? लसणीचा! त्या पेशी गोठवून ठेवायला कसलं तरी औषध असतं, त्याचा. आमची ही कितीतरी दिवस नुसत्या पेजेवर, वालाच्या बिरड्यासाठी जीव टाकत होती. डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणते, 'कुणी गो फोडणी घातली?' ती प्रतिक्षा सिस्टर हसून हसून भिंतीला टेकली.

मग आला ताप. मी घाबरलो, तर डॉक्टर म्हणतात, येणार होताच, पेशी कामाला लागल्या की येतो, आम्ही लक्ष ठेवून आहोत. कसं हाय बघा, आपण ताप उतरला की पेढे वाटतो, इथं ताप चढला तरी माणसं मान डोलावतात! पण डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, काका, या उपचारात कधी कधी डोक्यावर परिणाम होतो, माणूस भांबावतं, शब्द सापडत नाहीत, पुढं झटके सुद्धा येऊ शकतात. लवकर कळलं तर औषध आहे. पण ते उगाच द्यायचं नाही, कारण ते औषध या नव्या पेशींनाही गप्प बसवू शकतं. तुम्ही यांच्याजवळ असता, जरा वेगळं वाटलं तर लगेच घंटा दाबायची.

म्हणजे बघा माझी पंचाईत! दिलं तर राखणदार झोपतील, नाय दिलं तर घरमालकीणच जाईल.

तेव्हापासून दर पाळीला हिची परीक्षा. साल कुठलं? शहर कुठलं? हे काय? पेन. हे काय? घड्याळ. शंभरापासून दहा दहा कमी करत उलट मोजा. आणि एक वाक्य लिहा. ही शाळेत चौथीपर्यंतच, पण अक्षर काय टपोरं! रोज एकच वाक्य लिहायची, 'शेतात वाल फुलला असेल.' सिस्टर म्हणायची, मावशी, आज दुसरं लिहा की. ही म्हणायची, 'आज पण फुललेलाच असेल ना?'

सगळं बरं चाललेलं. पण तिथं एक तरुण डॉक्टर होता, उत्तरेकडचा, पोरगा गुणाचा, पण त्याला एक दिवस काय सुचलं, माझ्याकडे बोट करून विचारतो, 'अम्मा, ये कौन हैं?' ही म्हणाली, 'आमचे हे.' 'नाम बताइए इनका.' ही खिडकीकडे बघायला लागली. 'नाम, अम्मा, पति का नाम?' हिनं मान फिरवली. तो आणखी जवळ आला, आणखी मोठ्यानं विचारलं. आता अंगावर इस्पितळाचा झगा, पदर कुठला असणार? हिनं काय केलं, चादर घेतली आणि डोक्यावरनं पार नाकापर्यंत ओढली!

तो डॉक्टर पांढराफटक! जवाब नहीं दे रहीं, मुंह छुपा रही हैं, फोन लाव, बाईंना बोलाव, ते औषध काढ... मी मधे आडवा झालो. म्हटलं, साहेब, थांबो! ये एकदम ठीक है! ये मेरा नाम लेतीच नय! तो म्हणतो, क्यों नहीं लेतीं? मी म्हटलं, शादी हुआ है इसलिए! तो माझ्याकडे असा बघायला लागला, की आता याचीही परीक्षा घ्यावी. नशीब, तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी चादरीचं एक टोक उचललं, आत बघितलं, तर ही आत लाजून हसतेय! बाई म्हणाल्या, 'यांना काही झालेलं नाही. यांनी नवऱ्याचं नाव घेतलं तर मला सांगा.' सगळे हसले. मीही हसलो. हसलो खरा, पण खोटं कशाला बोलू, वाटलं, एवढी मरणाच्या दारात उभी हाय, डॉक्टर विचारतोय, आता तरी... नाव घ्यायला काय जातं हो?

आणि मग दोनेक दिवसांनी, दुपारचं... थांबा, पाणी पितो जरा.

दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगात इस्पितळानं दिलेला हिरवा डगला, नुसते डोळे दिसत होते. ताप उतरलेला, म्हणून मी जरा निवांत. हिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम परक्यासारखं, आदरानं म्हणते, 'दादा, आमच्या हैबतरावांना बघितलंत का?'

मी काय सांगू तुम्हाला! हैबतराव! असं स्वच्छ, असं लख्ख! माझ्या नावात एवढा गोडवा असतो हे मला माहीतच नव्हतं हो! मला आधी वाटलं कानाला भास झाला. तर ही पुढं बोलतेच आहे... 'मी हमरापूरला राहिलेय, हैबतराव यायचे हायत मला न्यायला. उंच हायत, देखणे हायत' (हसू नका म्हटलं ना!) 'रागावत नायत कधी. त्यांना सांगा, माझं रंगकाम झालंय, मी कधीची पिशवी भरून बसलेय. हैबतराव आल्याशिवाय मी कुणाबरोबर जाणार नाय.'

तीस-पस्तीस वर्षं! तीस-पस्तीस वर्षं मी पडवीत कोयता घासत उभा राहिलो त्यासाठी, आणि ते माझ्यापुढं असं ओंजळी ओंजळीनं पडत होतं. आणि मी तिथं समोर बसलेलो, ती मलाच विचारतेय मी कुठं हाय म्हणून. जीव असा ओढला की वाटलं, मास्क काढावा, टोपी फेकावी, म्हणावं, मालू, आलोय गो, हा बघ आलोय, बोल अजून, एकदा बोल... आणि तेव्हाच हात मास्कवर थांबला. म्हटलं, अरे हैबत्या, ही शुद्धीत असती तर हिनं नाव घेतलं असतं का?

हात आपोआप घंटेवर गेला. दाबली. एक हात घंटेवर आणि दोन्ही कान तिच्याकडे! आता मला सांगा, एरवी पाणी मागायला घंटा वाजवली तर माणूस घाम पुसून पुसून थकतं तरी कुणी येत नाय. आणि त्या दिवशी? बोट उचलायच्या आत प्रतिक्षा सिस्टर दारात! अगो, जरा दमानं आली असतीस तर काय बिघडलं असतं? नाय नाय, बरं झालं आली... पण एवढं पळत यायचं?

मागनं तो तरुण डॉक्टर. काय झालं? मी म्हटलं, साहेब, इसने मेरा नाम लिया! त्याचा चेहरा खुलला, 'अरे वाह! व्हेरी गुड! बधाई हो!' मी म्हटलं, बधाई काय घेऊन बसलात, घात झाला! तुमको समजता नय, ये मेरा नाम कभी नय लेती, इसका डोका ठिकाने पर नय! तो बिचारा गोंधळला. त्यानं पेन दाखवलं. ये क्या है, अम्मा? 'हैबतराव.' घड्याळ दाखवलं. 'हैबतराव.' साल कौन सा? 'हैबतराव.' पेला, खिडकी, सिस्टर, सगळं हैबतराव! एवढ्या वर्षांचं साठलेलं एका दमात बाहेर! कागद दिला, तर रोजचं ते टपोरं अक्षर कुठं गेलं... नुसत्या मुंग्या. वालाचं फूल नाय, काय नाय. डॉक्टरचं हसू मावळलं आणि तो फोनकडे धावला.

ते औषध द्यायला लागलं. आदल्या खेपेला ते देऊ नये म्हणून मी आडवा झालो होतो, या खेपेला मीच हात जोडून म्हटलं, द्या. बाई म्हणाल्या, बरं झालं काका, लवकर कळलं. मला वाटलं, झालं! नाव मिळालं, आता बायको जाते. पुढचा दीड दिवस ही बोललीच नाय. ना 'हैबतराव', ना 'अहो', काहीच नाय. मी तिच्या उशाशी बसून देवाशी भांडत होतो. म्हटलं, एवढी महाग हौस असेल असं मला आधी सांगायचं होतंस!

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. 'अम्मा, ये क्या है?' जरा वेळ लागला. 'पेन.' हे? 'घड्याळ.' मग त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. घाबरत घाबरत विचारलं, 'और इनका नाम?'

मी डोळे मिटले. मनात म्हणतोय, नको घेऊस, मालू, नको घेऊस... आणि उघडून बघतो तर ती चादर! हळूहळू, हळूहळू... पार नाकापर्यंत! तो उत्तरेकडचा पोरगा चक्क नाचला हो! आणि मी, एवढा मोठा भीतीराव, ढसाढसा रडलो.

पेशी काय झोपल्या नायत. गेल्या आठवड्यात हिला स्कॅनच्या मशीनमध्ये घालून बघितलं, सध्या तरी कुठं डाग दिसत नाय म्हणाले. पुढचं पुढं, दर खेपेला तपासायला जायचं. हिला त्यातलं काहीच आठवत नाय. मला विचारते, 'अहो, मी त्या तापात काय बडबडले?' मी म्हणतो, काय नाय गो, शेताचं बोलत होतीस. आता एवढं कसं सांगायचं, की तू एका अनोळखी माणसाजवळ माझी वाट बघत होतीस आणि त्या माणसाचा मला अजून हेवा वाटतो?

हळू! उठली वाटतं ती... काय गो काशीबाई? बरी झाली की हळदीकुंकू करू, तिला नाव घ्यायला लावू, आणि मला पडद्यामागं बसवू? खबरदार! या घरात नाव काढायचं नाय! अहो, तिनं नुसतं 'है' म्हणायला तोंड उघडलं तरी माझा हात घंटा शोधत भिंतीवर फिरतो! वाटतं हो, खोटं कशाला बोलू, अजून वाटतं. संध्याकाळी दोघं या ओटीवर बसलो की वाटतं, एकदा, शुद्धीत, माझ्याकडे बघून... पण मग रोज सकाळी देवापुढं उभा राहतो आणि सांगतो, देवा, बाकी काय मागायचं ते मी मागेन, तू तुझ्या सवडीनं दे... पण माझी ती एक हौस तेवढी पुरवू नकोस.